वखारीतली लग्नं

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. आमच्या गावात पहिलं मंगल कार्यालय मी काढलं. स्टेज बांधलं, बोर्ड रंगवून घेतला, वधूवरांना बसायला मुंबईहून दोन लाल कोच बोटीने मागवले. आणि चूल ठेवायला विसरले!

हसा, हसा. सगळा गाव हसला, तुम्हीच कशाला मागे राहता?

झालं असं की मी कार्यालय जन्मात एकदाच पाहिलं होतं. गिरगावात, मावसबहिणीच्या लग्नात. पाहुणी म्हणून गेलेली बाई पाहणार काय? पुढचा भाग! स्टेज, झुंबर, गुलाबपाण्याची झारी. जेवण मागच्या दाराने यायचं, मी जेवायचे. ते मागे कुठून येतं हे बघायला पैठणी नेसून कोण जातं?

लग्नघरातले किस्से पंगत उठल्यावर फडताळात सापडणाऱ्या लाडवांसारखे असतात. आपण ठेवल्याचं आठवत नाही, पण दार उघडलं की डबा भरलेला! माझं फडताळ अकरा वर्षांचं आहे. त्यातले हे थोडे.

*

गल्लीच्या या बाजूला आमचं घर आणि समोर आमची वखार. सासऱ्यांच्या काळात गलबतांतून कौलं आणि काथ्या यायचा, तो तिथे उतरायचा. पुढे गलबतं कमी झाली, सासरे गेले आणि वखारीत वटवाघळं राहायला आली. आमचे हे शाळेत मास्तर. त्यांना म्हटलं, इथे मंगल कार्यालय काढू या. वह्या तपासता तपासता म्हणाले, "काढ. नाय चालला तर वटवाघळांका परत बोलवू."

सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आईंचं, तसं नव्हतं. आमच्याकडे घरासमोरच्या सारवलेल्या अंगणाला खळं म्हणतात. लग्न व्हायचं ते मुलीच्या बापाच्या खळ्यात, मांडव घालून, तुळशीसमोर. कुणी दुसरीकडे लग्न लावलं तर लोक विचारायचे, घर जळलं की काय?

"लगीन खळ्यात होता गो," आई पडवीतून म्हणाल्या. "वखारीत पोती ठेवतत. मी काय थंय पाय घालूचंय नाय."

आणि त्या दिवसापासून त्यांनी मला हाक बदलली. सूनबाई गेली, 'कार्यालयवाली' आली. "कार्यालयवाले, दूध उतू जाता!"

मीही कमी नाही. आमची सुमन तेव्हा नऊ वर्षांची होती. मी ह्यांच्यासमोर छातीठोकपणे सांगितलं, "हिचं लग्न मी याच स्टेजवर लावीन आणि आई पहिल्या रांगेत बसलेल्या असतील!" नुसता हट्ट नव्हता हो तो. जिच्या स्वतःच्या मुलीचं लग्न खळ्यात होतं, तिच्या कार्यालयात दुसऱ्याने का यावं?

हे म्हणाले, "बघू या." मास्तर लोक नापास करण्याआधी असंच म्हणतात.

*

उद्घाटनाला गाऱ्हाणं तर घालायलाच हवं. आमच्याकडे नवं काही करताना गावातला जाणता माणूस देवाला हात जोडून मोठ्याने मागणं मागतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मी आबांना बोलावलं. आबांचा आवाज खणखणीत. फक्त माझ्या एक लक्षात आलं नाही, की आबांनी सगळा जन्म गाऱ्हाणी घातली ती होड्या पाण्यात लोटताना!

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान नवो घाट घातलो आसा, तो तडीक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वारो बरो गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"खडपार आपटा नको रे म्हाराजा!"

इथे ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले.

"आणि हयसून जा कोण जायत, ता जसां गेलां तसां सुखरूप आपल्या घराक परत येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव सवयीने ओरडला.

मग बायकांत कुजबुज. कार्यालयातून जाते कोण? नवरी! ती जशी गेली तशी बापाच्या घरी परत आली तर?

संध्याकाळपर्यंत ही बातमी बाजारात, दुसऱ्या दिवशी तारकर्लीला. मी आबांच्या घरी धावले. म्हटलं, एकदा नव्याने घाला. आबा दुखावले. "वैनी, चाळीस वर्षां गाऱ्हाणां घालतंय. एकय होडी बुडाक नाय!"

त्या हंगामात माझ्या वहीत एकही लग्न लागलं नाही. आई पडवीतून म्हणाल्या, "देवाक सांगितलेला मागे घेवक येणा नाय."

*

दुसऱ्या वर्षी तोंडवलीहून भिवा तांडेल आले. समुद्रावर आयुष्य गेलेला माणूस, बायको वारलेली, एकच मुलगी. घर वाळूत, खळं एवढंसं. म्हणाले, "वैनी, वैशाखातलो एक दिस देशात?"

मला आनंद झाला, पण मन खाऊ लागलं. पहिलंच गिऱ्हाईक, त्याला फसवायचं कसं? मी गाऱ्हाण्याची सगळी हकिकत सांगितली. परत येण्याची सुद्धा.

तांडेल शांतपणे म्हणाले, "ता आयकानच इलंय. एकुलता एक चेडू माझा. परत इला तर माका होयाच आसा!"

मी वही उघडली आणि लाल पेन्सिलीने पहिलं नाव लिहिलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी बाबल आचारी आला. खांद्यावर झारे, मागे पातेल्यांची बैलगाडी. त्याने कार्यालयाला तीन फेऱ्या मारल्या. पुढून बघितलं, मागून बघितलं, स्टेजच्या खाली वाकून बघितलं. मग माझ्यासमोर उभा राहिला. "वैनी, भात खंय रांदूचो? कोचार?"

तेव्हा मला गिरगावातलं ते मागचं दार आठवलं! मी स्टेजच्या पायरीवर बसून रडले. बाबल आपला कमरेवर हात ठेवून उभा, भाताचं उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही अशा बेताने.

पडवीतून आवाज आला. "बाबल, आमच्या परसात चुलीक चर खण. वखारीसाठी नाय हां. माणसां उपाशी जातली म्हणान."

तेव्हापासून गावातली निम्मी लग्नं आईंच्या परसातल्या चुलीवर शिजतात. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भात, सगळं गल्ली ओलांडून समोर जातं. आई चुलीपाशी बसून मीठ सांगतात. पण अन्नाच्या मागोमाग गल्ली ओलांडणं? नाव नको.

आणि तांडेलांची मुलगी परत आली. दर महिन्याला येते! नवऱ्यासकट. चार दिवस राहते, जावई सासऱ्याबरोबर मासे मारतो. हे कळल्यावर एकुलत्या एक मुलींचे बाप माझ्याकडे रांगेने यायला लागले. आबा भेटले की अजून म्हणतात, "बगलंस? एकय बुडाक नाय!"

*

खाडीपलीकडच्या वऱ्हाडाचा किस्सा तर मी कुणी न विचारता सांगते.

वऱ्हाड होडीने यायचं होतं. भरतीला निघा म्हणून निरोप दिला होता, पण वरबाप बाजेवाल्यांसाठी थांबले. ओहोटी लागली आणि होडी आमच्या किनाऱ्यापासून हाकेवर येऊन वाळूत बसली. मध्ये गुडघाभर पाणी आणि त्याखाली चिखल. नवरदेव रेशमी धोतरात, मुंडावळ्या बांधलेला. तो काही पाय खाली टाकेना. भटजी घड्याळ बघू लागले.

मला वाटलं, आता कार्यालयवालीने डोकं दाखवावं! म्हटलं, "कोच न्या!"

चौघांनी लाल कोच खांद्यावर घेतला, चिखल तुडवत गेले आणि नवरदेवाला बसवून आणला. काय तो थाट! बाजा वाजला. मी कौतुकाने इकडेतिकडे बघते, तर होडीतून वरबापांचा आवाज. "माका कोच खंय?"

"दादानु, तुमी चलत येवा!" मी ओरडले.

"नवऱ्याचो बापूस चिखलातसून चलत येतलो?"

कोच परत गेला. वरबाप आले. मग वरमाय. मग मामा. मग मोठी आत्या, तिला सहाजण लागले. होता होता भरती लागली. पाणी कमरेला आलं, होडी आपोआप तरंगली आणि डुलत डुलत थेट धक्क्याला लागली. होडीत उरले होते फक्त वराचे मोठे काका. एक पाऊल टाकलं की जमीन! काका हलेनात.

"कोच येवंदे."

कोच तेव्हा रिकामाच पाण्यात निम्म्या वाटेवर होता. चौघे तो घेऊन परत आले, होडीला लावला, काका होडीतून कोचावर आणि कोचावरून जमिनीवर उतरले. मग शांतपणे म्हणाले, "चला, उशीर झालो."

मी भटजींपाशी गेले. "मुहूर्त टळलो काय हो?"

"खंय टळता?" भटजी म्हणाले. "खाडीपलीकडचा वऱ्हाड असला की मी मुहूर्त दोन सांगतंय. एक तेंका, एक देवाक."

तो कोच अजून पावसाळ्यात मीठ सोडतो.

*

हिवाळ्यात जत्रांचे दिवस असले की दशावतारी मंडळी कधी कधी सकाळची आमच्याकडे टेकतात. रात्रभर नाटक, उजाडता उजाडता कार्यालयात पथारी. एकदा दुपारचं लग्न होतं आणि नवरीची आजी घाईघाईने सकाळीच येऊन हजर. मागे विहिरीवर पाय धुवायला गेली, तर कठड्यावर साक्षात विष्णू! मुकुट, कुंडलं, तोंडाला रंग, आणि बोटांत पेटलेली विडी.

आजीने तिथेच लोटांगण घातलं. "देवा, माझ्या नातीचा बरां कर रे!"

विष्णू कसलेला नट. विडी पाठीमागे गेली, उजवा हात वर आला. "तथास्तु!"

आजी पुढे वर्षभर सांगत होती, "देव बगलंय मी. पाठसून धुपाचो धूर येय होतो!"

*

मग तांदळाच्या टंचाईचे दिवस आले. पंगतीला ठरावीक माणसांपेक्षा जास्त पानं वाढायची नाहीत असा हुकूम निघाला. आमच्याकडे एवढी माणसं तर नुसती मामाकडची असतात!

एका लग्नात पंगत बसली आणि दारात इन्स्पेक्टर. नव्याने बदलून आलेले, घाटावरचे, सडपातळ. मी गारठले. आमचे हे पुढे झाले. "या, या. मोजा. मर्यादेत आहेत सगळे. बाकीचे वाढपी."

आणि खरोखरच, माझ्या डोळ्यांदेखत, भिंतीकडेचे दीडशे पुरुष कमरेला पंचा बांधून उभे! कुणाच्या हातात झारा, कुणाच्या हातात तांब्या, एकाच्या हातात नुसतं लिंबू. मास्तरांचे जुने विद्यार्थी, इशारा कळतो.

इन्स्पेक्टरांनी पंगत मोजली. बरोबर. मग वाढपी मोजायला घेतले, अर्ध्यात सोडून दिले. "एका पानाला तीन वाढपी?"

"मानपान फार आमच्याकडे," हे म्हणाले. "तुम्हीही बसा ना. एक पान बसतं अजून मर्यादेत."

ते बसले. आता साहेबांसमोर दीडशे वाढपी रिकामे कसे उभे राहणार? वाढू लागले! एक वडा, दुसरा वडा, तिसऱ्याची उसळ, चौथ्याची उसळ. लिंबूवाला चार वेळा येऊन गेला. साहेब दोन्ही हात पानावर आडवे धरतात, तर हातांवर वाढतायत!

जाताना त्यांना धरून उठवावं लागलं. दारात थांबून मला म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी वाढपी कमी करा. जेवणारे वाढले तर मी बघून घेईन."

*

आता जरा फुशारकीचं. एकदा दारात मोटार थांबली. मोठे शेठ उतरले. मुलीचं लग्न ठरलंय, अमुक दिवस पाहिजे. मी वही उघडली. तो दिवस आमच्या पोस्टमनच्या मुलीच्या नावावर.

"त्यांना दुसरा दिवस द्या. तुम्हाला काय हवं ते सांगा."

मी वही मिटली. "शेठ, लाल पेन्सिलीने लिहिलं ते लिहिलं. ह्या वहीत खोडणं नाही. उद्या माझी स्वतःची मुलगी आली तरी नाही!"

मोटार धुरळा उडवून गेली. पडवीतून सगळं दिसतं, ऐकू येतं. आई इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाल्या, "बरां केलंस गो."

मी तरंगत घरात गेले. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आई तुला बरं म्हणाली? तेही लाल पेन्सिलीने लिहून ठेव."

*

गेल्या दिवाळीपासून भटजी आमच्या पडवीत जरा जास्त बसायला लागले. मला वाटलं, पोह्यांसाठी.

मार्गशीर्षात एके सकाळी आई खळ्याच्या कडेपर्यंत आल्या आणि गल्लीपलीकडून मला हाक मारली. "कार्यालयवाले, माझ्या भावाच्या नातीचा लगीन आसा. तेंका तुझी वखार होयी. वैशाखातलो अमको दिस लिवन घी."

मला भरून आलं! अकरा वर्षांनी आईंनी स्वतः गिऱ्हाईक आणलं! मी लाल पेन्सिलीने मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

फाल्गुनात भटजी सुमनसाठी स्थळ घेऊन आले. रेडी गावचा मुलगा, बोटीवर नोकरी. सुमनला आवडला, आम्हाला आवडला, सगळं जमलं. फक्त रजा थोडी. वैशाखात आठ दिवसांसाठी येणार आणि परत बोटीवर. त्या आठ दिवसांत मुहूर्त एकच.

"कितीही घाई असू दे," मी म्हटलं, "कार्यालय घरचं आहे!" आणि वही उघडली.

तुम्हाला कळलंच असेल. दोन रेघा!

मी आईंच्या भावाकडे गेले. पत्रिका वाटून झालेल्या. मग आईंकडे आले. म्हटलं, तुमच्या घरचंच लग्न ते, तुम्ही शब्द टाकला तर दिवस बदलतील. आई फणस सोलत होत्या. "लिवलेला खोडूचा नाय, असा कोण तो नियम करून बसलो हा गो? बरो आसा. माका आवडलो."

झालं. आमच्या खळ्यात माटव, म्हणजे मांडव, उभा राहिला. नारळाच्या झापांचा, आंब्याच्या डहाळ्यांचा. सुमनचं लग्न तुळशीसमोर, पाटावर. आणि समोर माझ्या स्टेजवर, माझ्या लाल कोचांवर, दुसरीच नवरी! दोन्हीकडचं जेवण एकाच परसातून. मी मुलीची आई म्हणून अंतरपाटाशी उभी, तर समोरून हाक, "वैनी, गुलाबपाण्याची झारी खंय?"

पण खरं सांगू? खळं असं काही भरलं होतं! भिवा तांडेल मुलगी-जावयासह आले होते, आबा आले होते. सुमन माटवात उठून दिसत होती. मी रडत होते, आणि ते कार्यालयासाठी नव्हतं.

अक्षता पडल्या. मी डोळे पुसून आईंना शोधते, तर आई नाहीत! गल्लीकडे बघितलं. नातीच्या डोक्यावर अक्षता टाकून आई ठेवणीतलं लुगडं सावरत गल्ली ओलांडत होत्या. भावाच्या नातीचं लग्न ना ते! कार्यालयाच्या पायरीशी थांबल्या, चपला काढल्या आणि आत गेल्या. अकरा वर्षांनी! मला माटवातून हलता येईना. मान उंच करून बघितलं, तर आई पहिल्या रांगेत बसलेल्या.

सुमन सासरी गेली. खळ्यात विस्कटलेल्या अक्षता आणि मी. आई पडवीच्या पायरीवर येऊन बसल्या, समोरच्या लग्नातला लाडू पदरातून काढला, अर्धा मला दिला.

मग विचारलंच. "आई, खरा सांगा. सुमनचो मुहूर्त तुमका मार्गशीर्षातच ठाऊक होतो मां?"

आईंनी लाडू सावकाश खाल्ला. बोटं पुसली.

"माका काय ठाऊक असतला? मी काय कार्यालयवाली?"